रान मोजताना

‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ नावाचा संगणकावरचा एक खेळ आहे. टार्न आणि झॅक ॲडम्स या दोन अमेरिकी भावांनी तो घडवला. २००६ साली तो पहिल्यांदा लोकांपुढे आला आणि अजूनही त्यात भर पडतेच आहे. टार्न हा गणितात डॉक्टरेट केलेला माणूस. खेळ सुरू करताना संगणक आधी एक अख्खं जग रचतो. डोंगर, नद्या, पाऊसपाणी, शेकडो वर्षांचा इतिहास, सगळं. मग त्या जगाच्या एका तुकड्यावर बुटक्या खाणकऱ्यांची वसाहत वसवायची आणि ती जगवायची. बहुतेक जण त्यात किल्ले बांधतात, लढाया खेळतात. मला ओढ लागली ती त्यातल्या रानाची. कोणता प्राणी कुठे राहील, किती असतील, किती जणांच्या टोळीने येतील, हे सगळं साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेलं असतं. कोणालाही त्या उघडून वाचता येतात, हवं तर बदलताही येतात.

माझं गाव भोरच्या पश्चिमेला, हिरडस मावळात. नोकरी पुण्यात. गावी आलं की डोंगरात माग काढत हिंडायचं, प्राण्यांच्या मोजणीत जमेल तशी मदत करायची आणि रात्री खेळातलं रान चाळत बसायचं, असं कित्येक वर्षं चाललं आहे. या दोन रानांनी मिळून मला जे शिकवलं ते इथे मांडतो. वेल्हे तालुक्याचं नाव सरकारदरबारी आता राजगड झालं आहे. आमच्या तोंडी अजून वेल्हंच आहे, म्हणून इथेही तेच लिहिलं आहे.

१. आधी जमीन, मग जनावर

खेळात प्राणी मनाला येईल तिथे उगवत नाही. जग रचताना प्रत्येक चौकटीची उंची, पाऊस, तापमान, पाण्याचा निचरा आणि रानाचा उग्रपणा ठरतो. त्यावरून तिथे दलदल होईल, गवताळ माळ होईल की दाट जंगल, हे ठरतं. प्राण्याच्या फायलीत त्याला कोणती जमीन मानवते ते लिहिलेलं असतं. दोन्ही जुळलं तरच तो तिथे असतो.

हे कळायला भोर तालुक्यासारखी जागा नाही. पश्चिमेला वरंध्याच्या अंगाला पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि नसरापूर-किकवीपर्यंत येईस्तोवर त्यातला अगदी थोडा उरतो. एका तालुक्याच्या रुंदीत सदाहरित झाडी संपून बोरी-बाभळीचा माळ सुरू होतो. पश्चिमेच्या झाडीत भेकर, सांबर, साळिंदर. पूर्वेला ससा, खोकड, कोल्हा. आणखी पूर्वेला बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, १९९७ साली चिंकाऱ्यासाठी राखलेलं. तो चिंकारा भोरच्या घाटमाथ्यावर आणून सोडला तर जगणार नाही आणि घाटमाथ्यावरचं भेकर सुप्याच्या माळावर तग धरणार नाही.

म्हणून उघड्या माळावर सरसकट झाडं लावण्याला माझा विरोध आहे. गवताळ माळ ही ओसाड जागा नव्हे. ससा, खोकड, टिटवी, चंडोल यांचं ते घर आहे. दाट झाडी लावली की गवत हटतं आणि त्यावर जगणारेही जातात. माळाला माळ राहू द्यावं. झाडं लावायचीच असतील तर ओढ्याकाठी, उजाड झालेल्या देवराईत, धरणाच्या वरच्या धुपलेल्या उतारावर लावावीत.

२. दिसलेला कळप म्हणजे एकूण संख्या नव्हे

खेळात एका प्राण्यामागे तीन वेगळे आकडे असतात. त्या प्रदेशात तो एकूण किती, एका वेळी टोळीत किती येणार आणि दिसण्याची शक्यता किती. नवा खेळाडू तिन्हींची गल्लत करतो. पाच हरणं नकाशाच्या कडेने आत आली की त्याला वाटतं, हरणं पाचच आहेत. दोन ऋतू एकही आलं नाही की वाटतं, संपली.

गावात हीच गल्लत रोज होते. एके वर्षी रानडुकरांनी भाताची नासाडी केली की ‘डुकरं फार माजली’, पुढच्या वर्षी आली नाहीत की ‘कोणीतरी मारून संपवली’. शेजारच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या धनगर बाबांना मी एकदा हेच विचारलं. ते म्हणाले, “बाळा, डुक्कर कुठं जातंय? औंदा वरच्या अंगाला कंद लागल्यात. तिकडं पोट भरतंय, मग खाली कशाला यील?” शेतात दिसणं-न दिसणं हे खाण्यावर, पिकावर, कुत्र्यांवर, चांदण्यावर अवलंबून असतं. एकूण संख्या तीच राहून दिसणं दुप्पट होऊ शकतं किंवा निम्म्यावरही येऊ शकतं.

मग खरा आकडा कसा काढायचा? जगभर वापरली जाणारी एक रीत आहे आणि ती शाळकरी मुलालाही समजते. बिबट्याच्या अंगावरची ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते. रानात स्वयंचलित कॅमेरे लावले आणि पहिल्या खेपेला १० वेगवेगळे बिबटे टिपले. दुसऱ्या खेपेला पुन्हा १० टिपले. त्यांतले ५ ओळखीचे निघाले, तर रानात साधारण २० बिबटे असावेत. सगळेच ओळखीचे निघाले तर १०च्या आसपासच. ओळखीचा एकही निघाला नाही, तर रानात आपल्याला वाटतात त्याहून कितीतरी जास्त आहेत. प्रत्यक्षात यात बरंच बारीक गणित असतं. त्याचा गाभा मात्र हाच. पुन्हा भेटणाऱ्यांच्या प्रमाणावरून न भेटलेल्यांचा अंदाज बांधायचा.

३. पाणवठ्यावरची रात्र

बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजायची महाराष्ट्रात जुनी पद्धत आहे. उन्हाळ्याचं टोक असतं, बाकीचं पाणी आटलेलं असतं आणि चांदणं लख्ख असतं. आता वनखातं याला बहुतेक ठिकाणी निसर्गानुभव म्हणतं आणि नेमकी संख्या काढण्यासाठी कॅमेरे, माग, विष्ठा आणि ठरावीक वाटांवरची पाहणी यांचा आधार घेतं. हे योग्यच झालं. एकच भेकर रात्रीत तीनदा येऊन जातं आणि तीन भेकरं मोजली जातात.

भोर-वेल्ह्यात अडचण आणखी मोठी आहे. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव, इतक्या धरणांचं पाणी आमच्या खोऱ्यांत पसरलेलं आहे. शिवाय डोंगराच्या पोटातले झरे आणि गडांवरची खोदीव टाकी आहेत. ताडोब्यात उन्हाळ्यातला एखादा पाणवठा सगळ्या रानाला एका जागी आणतो, तसं इथे होत नाही. मैलोन्‌मैल पसरलेल्या पाण्याच्या काठावर प्राणी कुठेही उतरतो. त्यामुळे आमच्याकडे मचाणावरून दिसलेला आकडा मी संख्या म्हणून धरत नाही. तरीही त्या रात्री बसावं असं मी प्रत्येकाला सांगतो. साळिंदराच्या काट्यांची सळसळ, भेकराचं कुत्र्यासारखं भुंकणं आणि त्यानंतर अख्ख्या खोऱ्यात पसरणारी सावध शांतता ज्याने ऐकली आहे, तो पुढे रानाविषयी बोलताना जपून बोलतो.

४. रिकामी झालेली जागा रिकामी राहत नाही

खेळात पिंजऱ्याचा सापळा लावता येतो. लांडगा अडकला की तो कोठारात नेऊन ठेवायचा, प्रश्न मिटला. त्या प्रदेशाच्या आकड्यातून एक वजा होतो आणि तो परत येत नाही. मारलं तरी तेच.

बिबट्याच्या बाबतीत लोकांची अपेक्षा नेमकी हीच असते. ‘पिंजरा लावा आणि घेऊन जा.’ गावात बिबट्या दिसला की पहिली मागणी पिंजऱ्याची होते आणि ज्याच्या गोठ्यातलं वासरू गेलं आहे त्याने ती करणं मला चुकीचंही वाटत नाही. पण जुन्नरचा अनुभव प्रत्येक गावाला माहीत असायला हवा. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात मोठ्या संख्येने बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्यात आले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली त्याचा हिशोब मांडला. पकडापकडी सुरू होण्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. ती सुरू झाल्यावर ते १७ झाले. शिवाय जिथे नेऊन सोडले त्या भागांतही हल्ले होऊ लागले.

कारण बिबट्याचा प्रदेश ठरलेला असतो. जाणता नर वा मादी आपला मुलूख राखून असते. माणसं कधी उठतात, कुत्री कुठे असतात, कोणत्या बांधाने जायचं, हे त्याला पक्कं माहीत असतं. त्याला उचलून नेलं की ती जागा घ्यायला आजूबाजूचे तरुण बिबटे येतात. अननुभवी, भांडणारे, बिथरलेले. आणि नेलेला बिबट्या अनोळखी रानात सोडला की घराकडे परतायला निघतो, वाटेत दहा गावं ओलांडतो. आकड्याच्या भाषेत काहीच कमी झालेलं नसतं. स्थिर बसलेली घडी तेवढी विस्कटलेली असते.

अत्रेय यांचंच दुसरं काम अकोले तालुक्यातलं, २०१३ साली प्रसिद्ध झालेलं. जंगल नसलेल्या, ऊस-शेती आणि दाट लोकवस्तीच्या खोऱ्यात त्यांना दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले आणि जवळपास तितकेच तरस. हे बिबटे खात काय होते? वजनाच्या हिशोबाने ८७ टक्के खाणं पाळीव आणि गावात फिरणाऱ्या जनावरांचं. त्यातला सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा, ३९ टक्के.

म्हणून बिबट्या कमी व्हावा असं वाटत असेल तर आधी उकिरडा बघा. भोर-वेल्ह्याच्या रस्त्यांवर हॉटेलं आणि फार्महाऊस वाढली, त्यांच्यामागे खरकट्याचे ढीग आले, ढिगांवर कुत्री आली. कुत्री जिथे वाढतात तिथे बिबट्या येणारच. कचरा झाकणं, कुत्र्यांची नसबंदी करणं, गोठ्याला वर जाळी आणि पक्कं दार बसवणं, संध्याकाळी लहान मुलाला एकटं न सोडणं, ही कामं पिंजऱ्यापेक्षा कंटाळवाणी आहेत खरी. उपयोग त्यांचाच होतो.

५. पिल्लं किती होतात ते विचारा

दोन प्राण्यांची संख्या आज सारखी असली म्हणून दोघांचं भवितव्य सारखं नसतं. रानडुकरीण साधारण चार महिन्यांत विते आणि एका वेळी चार-सहा पिल्लं देते. सांबराची मादी आठ महिने गाभण राहते आणि एकच पाडस देते. गव्याला नऊ महिने, वासरू एकच. खवल्या मांजरालाही एका वेळी एकच पिल्लू. वर्षभरात दहा डुकरं आणि दहा सांबरं फाशात गेली, तर डुकरं पुढच्या हंगामात ती भरून काढतील. सांबरांना ते नुकसान कित्येक वर्षं पुरेल. खवल्या मांजराचं तर विचारूच नका. त्याच्या खवल्यांसाठी चोरटी शिकार होते आणि एखाद्या डोंगरातून ते कधी नाहीसं झालं हे कोणाला कळतही नाही. कारण ते असतानाही कोणी पाहिलेलं नसतं.

फासा मात्र निवड करत नाही. डुकरासाठी लावलेल्या तारेत भेकर अडकतं, तरस अडकतं, बिबट्याही अडकतो.

६. भूक नसलेला शिकारी

खेळातली मला सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे मांसाहारी प्राण्याला तिथे खावं लागत नाही. लांडगे येतात, हल्ला करतात, निघून जातात. हरणं कमी झाली म्हणून ते उपाशी मरत नाहीत. खरं रान या एका गोष्टीवर उभं आहे. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी मंदावली, तेव्हा बाजारात येणाऱ्या माशांत शिकारी माशांचं प्रमाण वाढल्याचं उंबेर्तो दांकोना या इटालियन अभ्यासकाच्या ध्यानात आलं. त्याचे सासरे, गणितज्ञ व्हीतो व्होल्तेरा यांनी १९२६ साली त्याचं गणित मांडलं. भक्ष्य वाढलं की भक्षक वाढतो, भक्षक वाढला की भक्ष्य घटतं, मग भक्षक घटतो, असे हेलकावे चालू राहतात.

भक्षक काढून घेतला तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याकडे सांगलीत आहे. सागरेश्वर अभयारण्य जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उजाड डोंगरावर ते उभं राहिलं, १९८५ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. सांबर, चितळ आणून सोडले, भोवती कुंपण घातलं. माणसाने हाताने रचलेलं रान आहे ते आणि त्यामागच्या कष्टांपुढे मी मान तुकवतो. पण हरणांना धाक दाखवणारा मोठा शिकारी त्यात नव्हता आणि जागा ठरलेली होती. हरणं वाढत गेली, गवत अपुरं पडू लागलं आणि कुंपणाबाहेरच्या पिकांवर ताण आला. पुढे तिथली चितळं सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात नेण्याचं काम वनखात्याने हाती घेतलं. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली झालेल्या त्या प्रकल्पात वाघ टिकायला आधी भक्ष्य हवं होतं. २०२५च्या नोव्हेंबरात ताडोब्यातली एक वाघीण चांदोलीत आणली गेली. आधी गवत, मग चितळ, मग वाघ. हा क्रम मोडून चालत नाही.

७. माणूस आला की गणित बदलतं

१९९७ साली ‘अल्टिमा ऑनलाइन’ नावाचा खेळ निघाला. हजारो लोक एकाच वेळी एकाच जगात खेळू शकत होते. तो घडवणाऱ्या रिचर्ड गॅरियट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यात खरीखुरी जीवसाखळी उभी करायचं ठरवलं होतं. गवतावर ससे आणि हरणं, त्यांच्यावर लांडगे. लांडग्यांना भक्ष्य मिळालं नाही तर ते गावांकडे वळतील, अशी कल्पना. खेळ लोकांसाठी खुला झाला आणि खेळाडूंनी दिसेल ते मारलं. नवे प्राणी तयार होण्याच्या वेगापेक्षा मारण्याचा वेग कितीतरी जास्त होता. काही वर्षं खपून रचलेली ती साखळी शेवटी काढून टाकावी लागली.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण त्या खेळाडूंतला कोणीही दुष्ट नव्हता. प्रत्येकाने थोडंसंच मारलं होतं.

आमच्या डोंगरात बंदुका फार नाहीत. मारण्याच्या रीती मात्र बऱ्याच आहेत. कुत्री घेऊन उठवलेलं रान, फासे, डुकरासाठी लावलेले गावठी स्फोटक गोळे, शेताच्या तारेत सोडलेली वीज. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे सगळं गुन्हा आहे. वीज सोडलेल्या तारेने तर माणसंही गेली आहेत. आणि सर्वांत मोठा मारेकरी वणवा. होळीच्या आगेमागे राजगड-तोरण्याच्या परिसरात रात्री उभं राहिलं की डोंगरउतारांवर आगीच्या रेघा दिसतात. गवत जाळलं की पुढच्या पावसात चांगलं उगवतं, असा समज आहे. जळतं मात्र बरंच काही. सशाची पिल्लं, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, सरडे, साप, पुढच्या वर्षी झाडं होणारी रोपं. भेकर पळून जातं, पण परतल्यावर त्याला खायला काही उरत नाही, मग ते खाली वस्तीकडे उतरतं आणि कुत्र्यांच्या तोंडी जातं. आग पसरू नये म्हणून जाळरेषा काढायला वनखात्याला माणसं कमी पडतात. प्रत्येक गावातल्या दहा तरुणांनी फेब्रुवारीत चार दिवस दिले तर भोर-वेल्ह्याचे निम्मे वणवे अडतील असा माझा अंदाज आहे.

८. मासे संपल्याची वर्दी

खेळात सतत गळ टाकत राहिलं तर एके दिवशी सूचना येते की या पाण्यात पकडायला आता काही नाही. खऱ्या नदीत अशी सूचना कोणी देत नाही.

९. साखळीची कडी दूर कुठेतरी तुटते

पूर्वी गावात मेलेलं ढोर गावाबाहेर टाकलं की गिधाडं आभाळातून उतरायची. माझ्या वडिलांनी ती पाहिली आहेत. १९९०च्या दशकापासून ती झपाट्याने नाहीशी झाली. लांब चोचीच्या गिधाडांची संख्या देशभरात ९५ टक्क्यांहून अधिक घटली. त्यांची कोणी शिकार केली नव्हती, त्यांचं रानही कोणी तोडलं नव्हतं. ढोरांना वेदनाशामक म्हणून दिलं जाणारं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. जनावरांसाठीच्या या औषधावर भारतात २००६ साली बंदी आली. तोवर पडलेल्या ढोरांवर भटकी कुत्री जगू लागली होती. कुत्री वाढली म्हणजे काय होतं, ते वर सांगितलंच आहे. इतक्या दूरच्या कड्या जोडलेलं रान अजून कोणत्याही खेळाला रचता आलेलं नाही. कोकणात म्हसळा तालुक्यात चिरगावला लोकांनी गिधाडं जपली, वाढवली. घाटाखालचं हे काम वर आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असायला हवं.

१०. वाटा

आता मला ज्यासाठी हे सगळं लिहावंसं वाटलं, ते.

खेळात प्रत्येक प्रदेशाचा आकडा बंदिस्त असतो. मारलेले कायमचे वजा. शेवटचा अस्वल-परिवार संपला की त्या नकाशावर पुन्हा अस्वल नाही, मग तुम्ही शंभर वर्षं खेळा. भोर-वेल्ह्याचं रान याच्या उलट वागत आलं आहे. इथला एखादा डोंगर शिकारीने, वणव्याने, तोडीने पार रिता झालेला मी पाहिला आहे आणि थोडी उसंत मिळताच त्यावर पुन्हा भेकराच्या लेंड्या पडलेल्याही पाहिल्या आहेत. ते भेकर कुठून आलं? शेजारच्या रानातून. आमची रानं छोटी आहेत, तुटक आहेत. एकेकटं धरलं तर त्यांतलं एकही सांबरांचा कळप फार काळ जगवू शकणार नाही. ती टिकली आहेत कारण ती जोडलेली आहेत. उत्तरेला मुळशीमार्गे ताम्हिणी अभयारण्य, दक्षिणेला वरंध्यावरून महाबळेश्वर, जावळी, कोयना. पश्चिमेला मढे घाट, उपांड्या, शेवत्या अशा वाटांनी उतरलं की महाड-रायगडची झाडी. ज्या घाटवाटांनी मीठ आणि तांदूळ वर-खाली झाला, त्यांच्याच आसपासच्या झाडीतून जनावरंही वर-खाली करतात.

या जाळ्याचे अनेक धागे आधीच तुटले आहेत. वेळवंडी नदीवरचं भाटघर धरण १९२०च्या दशकात पूर्ण झालं. त्यानंतर एकामागून एक खोऱ्यांचे तळ पाण्याखाली गेले. जनावरांना ये-जा करायला धारा, खिंडी आणि ओढ्यांचे काठ तेवढे उरले. देवराया याच वाटेवरच्या मुक्कामाच्या जागा आहेत. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी या पट्ट्यातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा लोकांनी देवाच्या धाकाने राखलेली किती झाडी या उघड्याबोडक्या मुलखात शिल्लक आहे हे जगाला कळलं. काही देवराया एकरभरच्या. एवढ्याशा झाडीत प्राण्याची संख्या काय मोजायची, असं वाटेल. पण दोन मोठ्या रानांमधलं अंतर रात्रीत काटणाऱ्या सांबराला दिवसभर दडायला तेवढी पुरते.

आता धोका आहे तो कुंपणाचा. पुणे जवळ आलं, रस्ते रुंद झाले, डोंगरउतारांवर प्लॉट पडले. प्रत्येक जण आपल्या गुंठ्यांभोवती जाळी मारतो, भिंत घालतो, ओढ्याच्या काठापर्यंत, कधी ओढ्यासकट. एका भिंतीने काही होत नाही. ओळीने वीस भिंती झाल्या की खिंड बंद होते. पूर्वेला महामार्गावर गाड्यांची रांग तुटत नाही. वाट चुकलेल्या जनावराचं काय होतं ते पुणेकरांनी डिसेंबर २०२०मध्ये पाहिलं. कोथरूडमध्ये एक गवा शिरला, त्याच्यामागे गर्दी धावली, तासन्‌तास त्याची दमछाक झाली आणि भूल देऊन पकडल्यावर तो मेला.

वाटा बंद झाल्या की आमचा प्रत्येक डोंगर खेळातल्या नकाशासारखा बंदिस्त होईल. मग मारलेलं प्रत्येक जनावर कायमचं वजा होईल. हे टाळता येण्याजोगं आहे आणि त्यासाठी मोठा निधी लागत नाही. भोर-वेल्ह्यात जमीन घेणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. घर बांधा, झाडं लावा, पण ओढ्याच्या दोन्ही काठांना कुंपण घालू नका. वरच्या धारेला लागून असलेली पट्टी मोकळी सोडा. जाळी लावायचीच असेल तर घरापुरती लावा आणि रात्री डोंगराकडे तोंड केलेले दिवे बंद ठेवा. गावकऱ्यांनी ग्रामसभेत आपल्या शिवारातल्या जनावरांच्या वाटा नकाशावर काढून घ्याव्यात. गुराख्यांना आणि म्हाताऱ्यांना त्या पाठ आहेत, ते आहेत तोवरच हे काम होईल. येत्या ग्रामसभेत हा विषय तुमच्या गावाच्या वतीने तुम्हीच मांडा.